अमेरिकेत एमएस करताना मध्येच कॉलेज बदलायचं असेल तर (एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरची ट्रान्सफर)

अबोली

माझी भाची सप्टेंबरपासून कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस करते आहे. तिथे क्वार्टर पद्धत आहे. आता तिला टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात जानेवारीच्या सत्रासाठी प्रवेश मिळाला आहे, विषय तोच. फीमध्ये बराच फरक पडतो, म्हणून घरच्यांचाही कल तिकडेच आहे.

तारखा अशा आहेत : परीक्षा 11 डिसेंबरला संपते. ग्रेडर म्हणून तिचं काम कागदोपत्री 31 डिसेंबरपर्यंत आहे. 18 डिसेंबरला ती पुण्याला येते आणि 6 जानेवारीला परत जाते. नव्या विद्यापीठाचे वर्ग 13 जानेवारीला सुरू होतात. व्हिसावर जुन्या विद्यापीठाचं नाव आहे, तो नवा काढावा लागेल का? शैक्षणिक कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं आहे. तीन विषय पूर्ण होतील, त्यांचे क्रेडिट मिळतील का? नेमकं कुठून सुरुवात करायची ते जाणकारांनी सांगावं.

रानवारा

व्हिसा नवा काढावा लागणार नाही. स्टॅम्पची मुदत शिल्लक असेल आणि सेव्हिस आयडी (आय-20, म्हणजे विद्यापीठाने विद्यार्थी व्हिसासाठी दिलेल्या कागदावरचा N ने सुरू होणारा क्रमांक) तोच राहणार असेल, तर जुन्या विद्यापीठाच्या नावाचा व्हिसा चालतो. ट्रान्सफरमध्ये हा क्रमांक बदलत नाही, त्यामुळे आय-901 ची (सेव्हिस नोंदणीची) 350 डॉलर फीसुद्धा पुन्हा भरायची नसते.

आता मूळ मुद्दा. प्रवेश मिळाला म्हणजे ट्रान्सफर झाली असं नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारच्या सेव्हिस प्रणालीत तिचं रेकॉर्ड जुन्या विद्यापीठाकडे आहे. तिथला डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीतला अधिकृत माणूस) ते रेकॉर्ड नव्या विद्यापीठाकडे सोडतो. ज्या दिवशी सोडतो ती रिलीज डेट. तुमचे निम्मे प्रश्न या एका तारखेवर अवलंबून आहेत.

रिलीज डेटच्या आदल्या दिवसापर्यंत ती जुन्या विद्यापीठाची विद्यार्थिनी असते. तोवर मन बदललं तर जुना डीएसओ ट्रान्सफर रद्द करू शकतो. ती तारीख उजाडली की जुन्या डीएसओला रेकॉर्डमध्ये काही करता येत नाही, जुनी आय-20 प्रवासाला चालत नाही आणि जुन्या विद्यापीठातलं कामही त्याच दिवशी थांबवावं लागतं. नवी आय-20 मात्र नव्या डीएसओला रिलीजनंतरच काढता येते. म्हणजे मधले काही दिवस हातात वापरता येईल अशी कुठलीच आय-20 नसते. तुमच्या भाचीचा प्रवास नेमका त्याच दिवसांत येतो आहे.

रिलीज 31 डिसेंबरला ठेवली तर काय होईल ते पाहा. नाताळ ते नववर्ष बहुतेक विद्यापीठांच्या कचेऱ्या बंद असतात. नवा डीएसओ 2 किंवा 5 जानेवारीला कामावर येणार, साचलेल्या अर्जांच्या रांगेत तिचा अर्ज असणार आणि 6 तारखेला विमान. त्या दिवशी हातात आय-20 असेलच असं कोणी सांगू शकणार नाही.

म्हणून रिलीज 12 ते 15 डिसेंबरच्या दरम्यान मागावी. परीक्षा झालेली असते, दोन्ही कचेऱ्या उघड्या असतात आणि नवी आय-20 ती अमेरिकेत असतानाच मिळण्याची चांगली शक्यता असते. नाही मिळाली तरी ईमेलने येते. विद्यापीठाने डिजिटल सही करून पाठवलेली आय-20 चालते. ती छापून त्यावर स्वतःची सही करायची आणि हातातल्या बॅगेत ठेवायची.

याची किंमत एकच : ग्रेडरचं काम रिलीजच्या आदल्या दिवशी संपवावं लागेल. करारावर 31 डिसेंबर असलं तरी. पेपर तपासणी उरली असेल तर प्राध्यापकांना आत्ताच सांगून ठेवावं. रिलीजनंतर केलेलं काम अनधिकृत ठरतं. ‘पगार डिसेंबरअखेरपर्यंतचा आहे’ हे कारण तिथे चालत नाही.

अबोली

हे कोणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार. मग क्रम कसा ठेवायचा? तिने विभागाला ‘मी सोडते आहे’ अशी मेल पाठवायची तयारी केली आहे.

रानवारा

ती मेल थांबवा. आधी डीएसओ, मग विभाग.

कारण असं : विभागाने किंवा रजिस्ट्रारने तिला ‘विथड्रॉन’ दाखवलं आणि डीएसओला ट्रान्सफरचा पत्ताच नसला, तर रेकॉर्ड अभ्यास सोडल्याच्या नोंदीने बंद होऊ शकतं. ती परवानगीने सोडल्याची नोंद असली तरी देश सोडायला फक्त 15 दिवस मिळतात. दुरुस्ती होऊ शकते, पण ऐन डिसेंबरात त्यामागे धावणं नको.

क्रम असा. नव्या विद्यापीठाची ऑफर स्वीकारायची आणि त्यांच्या पोर्टलवर ‘मी अमेरिकेतच एफ-1 वर आहे’ असं नोंदवायचं. ‘नवा विद्यार्थी’ हा पर्याय निवडला गेला तर ते वेगळ्या सेव्हिस आयडीची नवी आय-20 काढतात. मग दोन रेकॉर्ड, पुन्हा फी आणि व्हिसाचा प्रश्न. पैशांचे पुरावे नव्याने द्यावे लागतात. मग त्यांचा ट्रान्सफर-इन फॉर्म येतो. त्यातला वरचा भाग तिने भरायचा, खालचा जुन्या डीएसओने. जुन्या डीएसओकडे प्रवेशपत्र, तो फॉर्म, हवी असलेली रिलीज डेट आणि नव्या विद्यापीठाचा सेव्हिस स्कूल कोड द्यायचा. कोड नीट पाहून घ्या. त्यात मध्ये 214F असतं आणि शेवटी टिंबानंतर तीन आकडे असतात. एकाच विद्यापीठाचे अनेक कॅम्पस असतील तर आकडे वेगळे असू शकतात, आणि चुकीच्या कॅम्पसला रेकॉर्ड गेलं तर ते परत फिरवण्यात आठवडा सहज जातो. टेक्सासमध्ये एकाच नावाच्या सिस्टीममध्ये अनेक विद्यापीठं असल्यामुळे तिथे तर पूर्ण नाव आणि गाव दोन्ही जुळवून घ्या.

जुन्या विद्यापीठाचं काही देणं बाकी असेल (ग्रंथालय, पार्किंग, आरोग्य केंद्र), तर ते आधी फेडायचं. डीएसओ त्यासाठी ट्रान्सफर अडवेल असं नाही, पण खात्यावर होल्ड असला की कितीतरी ठिकाणी अधिकृत ट्रान्सक्रिप्ट निघत नाही, आणि क्रेडिटसाठी ती लागतेच.

रिलीजची तारीख डीएसओकडून लेखी आली, की मग विभागाला कळवायचं आणि जानेवारीच्या क्वार्टरची नोंदणी रद्द करायची. चालू क्वार्टरच्या एकाही विषयाला हात लावायचा नाही. ‘तसंही सोडायचंच आहे’ म्हणून एखादा अवघड विषय ड्रॉप केला आणि पूर्णवेळ भार मोडला, तर स्टेटसच जातं. मग ट्रान्सफरऐवजी आय-539 अर्ज भरून रीइन्स्टेटमेंट (स्टेटस परत मिळणं) मागण्याची वेळ येते.

टेक्सासला पोचल्यावर : आय-20 वरच्या प्रोग्राम सुरू होण्याच्या तारखेपासून 15 दिवसांच्या आत नव्या डीएसओकडे हजेरी लावायची, पत्ता द्यायचा, पूर्णवेळ नोंदणी करायची. त्यानंतर डीएसओ सेव्हिसमध्ये नोंद पूर्ण करतो आणि आय-20 वरचं ‘ट्रान्सफर पेंडिंग’ जातं. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात, कारण तोवर वर्ग सुरू झालेले असतात आणि सगळं झालं असं वाटतं. पेंडिंग गेलेली आय-20 मागून घ्यावी.

तिसरा_मजला

क्रेडिटबद्दल लिहितो. क्वार्टरमधून सेमिस्टरमध्ये जाताना दिसतं त्यापेक्षा जास्त नुकसान होतं.

क्वार्टरचं 1 युनिट म्हणजे सेमिस्टरचे दोन तृतीयांश क्रेडिट. तिचे तीन विषय प्रत्येकी 4 युनिटचे असतील असं धरतो. एका विषयाचे 2.67 क्रेडिट झाले. नव्या ठिकाणी विषय 3 क्रेडिटचे आणि पदवी 30 क्रेडिटची, म्हणजे 10 विषय.

बऱ्याच विद्यापीठांत एमएससाठी बाहेरून 6 ते 9 क्रेडिट घेता येतात, काही ठिकाणी 12. समजा 6 ची मर्यादा आहे. मग दोनच विषय बसतात : 5.34 क्रेडिट. उरले 24.66. आठ विषय घेतले तर 24 होतात, 0.66 कमी पडतात आणि त्यासाठी नववा विषय घ्यावा लागतो. म्हणजे दोन विषय मान्य होऊनही एकच वाचला. 9 ची मर्यादा असेल तर तिन्ही विषय मिळून 8 क्रेडिट धरले जातात, उरतात 22, आणि आठ विषय करावे लागतात. तीन दिले, दोन वाचले.

यावर उपाय आहे, तो आधी विचारून घ्यावा. ग्रॅज्युएट अ‍ॅडव्हायजरला विचारायचं की 1 क्रेडिटचा सेमिनार किंवा इंडिपेंडंट स्टडी घेऊन अपूर्णांक भरता येईल का. पहिल्या उदाहरणात आठ विषय अधिक 1 क्रेडिट म्हणजे 25 झाले, काम भागलं. दोन क्रेडिटची फी वाचते, ती रक्कम लहान नसते.

दुसरं, क्रेडिट ट्रान्सफर आणि वेव्हर यांत फरक आहे. वेव्हर म्हणजे तो विषय सक्तीचा राहिला नाही, पण त्याच्या जागी दुसरा घ्यावाच लागतो. एकूण क्रेडिट कमी होत नाहीत. अ‍ॅडव्हायजर ‘हा विषय तुला माफ’ म्हणाले की लगेच विचारायचं : 30 मधून वजा होणार की नाही?

साधारणपणे बी किंवा वरची ग्रेड लागते. बी मायनस पुष्कळ ठिकाणी चालत नाही. ग्रेड जीपीएमध्ये धरली जात नाही, फक्त क्रेडिट येतात. तिथली चांगली ग्रेड इथे उपयोगी पडत नाही, तसा एखादा सी सुद्धा मागे राहतो.

अर्जाला विद्यापीठाच्या कॅटलॉगमधलं दोन ओळींचं वर्णन पुरत नाही. प्राध्यापकांनी दिलेला पूर्ण सिलॅबस, आठवड्यागणिक विषय, पाठ्यपुस्तक आणि असाइनमेंटची यादी असं सगळं पीडीएफ करून आत्ताच उतरवून घ्या. जुन्या विद्यापीठाचं लॉगिन बंद झालं की कोर्सच्या पानावरचं काहीच हाती लागत नाही.

खातेवही

कर्जाचं मी सांगते. बँकेचं मंजुरीपत्र एका ठरावीक विद्यापीठासाठी आणि अभ्यासक्रमासाठी असतं. कॉलेज बदललं की पुढचं वाटप आपोआप होत नाही. शाखेत लेखी अर्ज द्यायचा आणि सुधारित मंजुरीपत्र घ्यायचं. सोबत नवं प्रवेशपत्र, नवी आय-20, नवं फीचं वेळापत्रक, आतापर्यंतचे गुण आणि बदलण्याचं कारण. तुमच्याकडे फी कमी होते आहे, हे कारण बँकेला पटवणं सोपं जातं. अर्जावर सहकर्जदाराचीही सही लागते. तारण असेल तर शाखा ते प्रकरण वरच्या कार्यालयाकडे पाठवू शकते, त्यात वेळ जातो.

इथे एक पेच आहे. नवं विद्यापीठ आय-20 देण्यासाठी कर्जाचं पत्र मागतं आणि बँक सुधारित पत्रासाठी आय-20 मागते. शाखेला प्रवेशपत्राच्या आधारे ‘एवढी रक्कम वाटपासाठी शिल्लक आहे’ असं पत्र लेटरहेडवर मागा. बऱ्याच विद्यापीठांना आय-20 साठी तेवढं पुरतं. आय-20 आली की उरलेलं काम करायचं. मूळ मंजुरीपत्र जसंच्या तसं पुढे करू नका. त्यातली पूर्ण रक्कम आता शिल्लक नाही.

मोरॅटोरियम (हप्ता सुरू होण्याआधीची सवलतीची मुदत) विसरू नका, सगळ्यात जास्त त्रास तिथे होतो. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो, आणि ‘संपल्याची तारीख’ बँकेच्या प्रणालीत जुन्या विद्यापीठाची असते. क्रेडिट वाया गेल्यामुळे अभ्यास एक सत्र लांबला तरी प्रणाली जुन्याच तारखेला हप्ता मागते. तो चुकला की सहकर्जदाराचा, म्हणजे तिच्या आई-वडिलांचा सिबिल स्कोअर घसरतो. सुधारित पत्रात अभ्यासक्रमाची नवी समाप्ती तारीख आणि हप्ता सुरू होण्याची नवी तारीख दोन्ही छापून आल्या आहेत का ते तिथेच उभं राहून वाचा.

जुन्या विद्यापीठाकडून काही परतावा येणार असेल तर तो कर्जखात्यातच जमा करावा, आणि त्याची पावती पुढच्या वाटपाच्या अर्जाला जोडावी.

नदीपलीकडे

टेक्सासचं सरकारी विद्यापीठ आहे म्हणून एक जरूर विचारा. तिथल्या राज्य कायद्यानुसार किमान 1000 डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळालेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला राज्यातल्या रहिवाशांच्या दराने फी लावता येते. म्हणजे शिष्यवृत्ती हजाराची, पण फीमधला फायदा कितीतरी पट. अशा जागा मर्यादित असतात आणि जानेवारीत येणाऱ्यांसाठी वेगळी अर्जाची तारीख असू शकते. विभागाला आजच मेल करा. अभ्यासाशी संबंधित अर्धवेळ टीए किंवा आरए (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतनिसाची नोकरी) मिळाली तरी हा दर लागू होऊ शकतो.

दुसरं, आय-20 वरचा सीआयपी कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) पाहा. 11.0701 हा कॉम्प्युटर सायन्सचा, तो स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे. तुमच्या भाचीचा विषय तोच असल्यामुळे अडचण दिसत नाही, पण अ‍ॅनालिटिक्स किंवा मॅनेजमेंटकडे वळणाऱ्यांनी हे जरूर तपासावं. एकाच नावाची पदवी एका ठिकाणी 52.1301 खाली असते (स्टेम) आणि दुसऱ्या ठिकाणी 52.0201 खाली (स्टेम नाही). पदवीच्या नावात काय लिहिलंय याला अर्थ नाही. ओपीटीनंतरची (ओपीटी म्हणजे शिक्षणानंतर आपल्या विषयात नोकरी करायची तात्पुरती परवानगी) 24 महिन्यांची मुदतवाढ कोडवर ठरते.

आरोग्य विमा आणि लसींच्या नोंदी (एमएमआर वगैरे) नव्याने द्याव्या लागतात. जुना विमा कोणत्या तारखेला संपतो ते पाहून मधले दिवस भरून काढा.

रानवारा

एक भर घालतो. होमलँड सिक्युरिटी खात्याने ऑगस्ट 2025 मध्ये एफ-1 नियम बदलण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. पहिल्या शैक्षणिक वर्षात कॉलेज बदलण्यावर निर्बंध आणि शिक्षण संपल्यावरची 60 दिवसांची मुदत 30 वर आणणं, हे त्यात सुचवलेलं आहे. भाची पहिल्याच वर्षात असल्यामुळे डीएसओला पहिल्या भेटीतच विचारा की आज कोणता नियम लागू आहे. मी वर लिहिलेलं सगळं त्या मसुद्याआधीपासून चालत आलेल्या नियमांप्रमाणे आहे.

पारिजात७

धाग्याशी जोडूनच विचारतो. ओपीटी चालू असताना दुसऱ्या एमएससाठी ट्रान्सफर घ्यायची असेल तर? ओपीटी 31 मे रोजी संपते. नोकरी आहे.

रानवारा

ओपीटी रिलीजच्या दिवशी संपते. ईएडी कार्डावर (काम करण्याच्या परवान्यावर) पुढची तारीख छापलेली असली तरी. त्यामुळे रिलीज 31 मेनंतर मागा, नोकरीचे सगळे दिवस पदरात पडतात. ओपीटी संपल्यापासून 60 दिवसांत, म्हणजे 30 जुलैपर्यंत, रेकॉर्ड रिलीज झालेलं हवं. त्या दिवशी नुसता अर्ज केलेला पुरत नाही. शिवाय नवे वर्ग ओपीटी संपल्यापासून पाच महिन्यांत सुरू व्हायला हवेत. ऑगस्टअखेरचं सत्र त्यात बसतं. जानेवारीचं बसत नाही, कारण पाच महिने ऑक्टोबरअखेर संपतात. प्रवेश जानेवारीचा असेल तर तो ऑगस्टला आणता येतो का ते आत्ताच विचारा.

आणि दुसऱ्या एमएसवर पुन्हा 12 महिन्यांची ओपीटी मिळत नाही. एका शैक्षणिक पातळीवर ती एकदाच मिळते. पीएचडी केली तर पुन्हा मिळते.

पारिजात७

पहिल्या दिवसापासून सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिकतानाच काम करायची परवानगी) देणारी कॉलेजं आहेत, त्यांचं काय?

तिसरा_मजला

काही पदव्युत्तर अभ्यासक्रमांत लगेच प्रशिक्षण सक्तीचं असतं आणि नियमात त्याला जागा आहे. पण नोकरी टिकवण्यासाठी नावापुरता अभ्यासक्रम घेतला असेल, तर पुढे एच-1बी किंवा ग्रीन कार्डच्या वेळी यूएससीआयएस (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) हजेरीचे पुरावे, सिलॅबस, प्रवासाच्या पावत्या मागते. राहणं एका राज्यात, कॉलेज दुसऱ्या राज्यात आणि महिन्यातून एक शनिवार वर्ग, हे समजावून सांगणं फार कठीण जातं. मी हा मार्ग सुचवणार नाही. तरीही विचार असेल तर कॉलेज एसईव्हीपी-मान्य (परदेशी विद्यार्थी घेण्याची सरकारी मान्यता असलेलं) आहे का, अ‍ॅक्रेडिटेशन कोणाचं आहे आणि ते चालू आहे का, हे स्वतः तपासा. एजंटच्या सांगण्यावर जाऊ नका. आधीच्या कॉलेजातला काळ सीपीटीच्या एक वर्षाच्या अटीत धरायचा की नाही, हे नवा डीएसओ ठरवतो आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं येतं.

अबोली

भाचीने डीएसओची वेळ घेतली आहे, रिलीज 15 डिसेंबर मागणार आहे. ग्रेडिंग 14 ला संपवायचं प्राध्यापकांनी मान्य केलं. दोन शेवटचे प्रश्न. 6 जानेवारीला विमानतळावर कोणते कागद जवळ हवेत? आणि जुनी आय-20 परत द्यायची असते का?

रानवारा

पासपोर्ट, व्हिसा, नवी ट्रान्सफर पेंडिंग आय-20 (सही केलेली), नव्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र, आय-901 ची पावती, पैशांचा पुरावा आणि क्वार्टर पूर्ण केल्याची ट्रान्सक्रिप्ट. अधिकाऱ्याने कॉलेजचं नाव विचारलं तर नव्याचंच सांगायचं, कारण व्हिसावर दुसरं दिसत असतं आणि तिथे गोंधळून जुनं नाव सांगितलं की प्रश्न वाढतात. आत आल्यावर आय-94 (देशात प्रवेश केल्याची नोंद) ऑनलाइन उतरवून घ्या आणि त्यावर एफ-1 नीट लागलंय का ते पाहा.

जुनी आय-20 परत द्यायची नाही, फेकायचीही नाही. ओपीटीच्या आणि पुढे एच-1बीच्या अर्जाला आतापर्यंतच्या सगळ्या आय-20 मागितल्या जातात, आणि बदललेल्या कॉलेजकडून जुनी प्रत मिळवणं वेळखाऊ असतं. मूळ कागद एका फाइलमध्ये आणि स्कॅन तिच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा, विद्यापीठाच्या ईमेलवर नको.

खातेवही

अबोली, पुण्यात असताना 19 डिसेंबर ते 5 जानेवारीमध्येच तिला शाखेत घेऊन जा. कर्जदार स्वतः समोर असला की सुधारित करारावर सही लगेच होते, नाहीतर मुखत्यारपत्राचा खटाटोप करावा लागतो. डिसेंबरअखेर शाखेत गर्दी असते, म्हणून आधी शाखाधिकाऱ्यांची वेळ घ्या आणि कागद दोन दिवस अगोदर ईमेलने पाठवून ठेवा.